भिजलेली डिस्क, कोरडा मालक

घाटकोपरला मी आणि माझा मित्र मिलिंद पाण्यात भिजलेल्या हार्ड डिस्कमधून लोकांचा धंद्याचा डेटा परत काढून देतो. डिस्क येते, जाते. तिच्याबरोबर आलेला किस्सा मात्र दुकानातच राहतो. आता तर इतके साठलेत की विचारू नका. आणि खरं सांगू? या धंद्यात पहिला संशय येतो तो गिऱ्हाइकावरच.

अंधेरीचे एक कपड्यांचे शेठ आले. "गोडाऊनमध्ये पावसाचं पाणी शिरलं."

पिशवीतून डिस्क काढली, तर वर मुंग्यांची रांग. मिलिंद म्हणाला, "शेठ, पावसाचं पाणी मुंग्यांना कधीपासून आवडायला लागलं?"

शेठ हळू आवाजात म्हणाले, "फालुदा होता. पण घरून फोन आला तर पाऊसच सांगा. डॉक्टरने साखर बंद केलीय ना."

मुलुंडचे एक सीए तर डिस्क नजरेआड करायलाच तयार नव्हते. "तुम्ही कॉपी मारली तर?" खुर्ची टाकून समोरच बसले, डबाही तिथेच खाल्ला. मग उठून दारापर्यंत गेले आणि वळले. डिस्क आमच्याच टेबलावर.

"चहा घेऊन येतो. बॅगेवर जरा लक्ष ठेवा. कोणाचा भरवसा नाही हल्ली."

सांताक्रूझच्या एका टूर कंपनीचे दोन पार्टनर, कॉलेजपासूनचे दोस्त. सकाळी एक सांगून गेला, "डेटा फक्त माझ्या हातात द्या, त्याच्या नको." संध्याकाळी दुसरा आला. तेच वाक्य.

"यातला चोर कोण रे?" मिलिंदने मला विचारलं.

फाइल उघडतात का ते तपासताना कळलं. दोघांनीही एकमेकांच्या नकळत आपापली वेगळी कंपनी काढायची तयारी चालवली होती. आणि कंपनीचं नाव दोघांनी एकच ठरवलं होतं.

पण बोरिवलीच्या त्या साहेबांची सर कोणालाच नाही. त्यांच्या ऑफिसातल्या दीपाताई डिस्क घेऊन आल्या. डोळे रडून सुजलेले. "नळ मी चालू ठेवला म्हणतात. उद्यापासून येऊ नको म्हणाले."

साहेबांचा रोज फोन. बाकीचे विचारतात, "आशा आहे ना?" हे विचारायचे, "आशा नाही ना?" मिलिंद म्हणाला, "यार, डाळीत काहीतरी काळं आहे."

डेटा निघाला, तेव्हा दीपाताई चौकशीला आल्याच होत्या. माझ्या हातात ग्लोव्हज, म्हणून साहेबांना स्पीकरवर फोन लावला.

"साहेब, डेटा आला."

"किती?"

"सगळा."

मग आवाज आला, "परत बुडवता येईल का?"

दीपाताईंनी टेबलावरचा फोन उचलला. "साहेब, दीपा बोलतेय. उद्या किती वाजता येऊ?"