सातवा रकाना

नव्वदीच्या सुरुवातीला मी जळगावात संगणकाचे प्रोग्राम लिहून देत असे. तिथल्या एका रक्तपेढीसाठी रक्तदाते शोधून देणारा प्रोग्राम केला होता. रक्तगट टाकला की नाव, गाव, फोन समोर. तो बरा चालला, म्हणून धुळ्याच्या एका दवाखान्यानेही मागितला.

धुळ्याच्या यादीतले रकाने वेगळ्या क्रमाने होते. नीट करायचं तर शोधणाऱ्या भागाने फक्त ‘या दात्याचा गट कोणता?’ एवढंच विचारायचं आणि उत्तर त्या त्या यादीने आपल्या पद्धतीने द्यायचं. दोघांमधल्या अशा ठरलेल्या बोलीला इंटरफेस म्हणतात. मला ते माहीत होतं. पण मी जळगावचाच प्रोग्राम उचलला, गट पाचव्याऐवजी सातव्या रकान्यात बघ असं त्यात लिहिलं आणि एसटीने धुळ्याला जाऊन बसवून आलो.

सहा-सात महिन्यांनी दुसऱ्याच कामाने त्या दवाखान्यात गेलो होतो. दुपारी खेड्यावरून एक बाळंतीण आणली. मुलगी सुखरूप होती, आईचा रक्तस्राव थांबत नव्हता. गट ओ निगेटिव्ह.

“साहेब, तुम्ही आहातच तर यादी काढा,” सिस्टर म्हणाल्या.

मी गट टाकला. पडद्यावर आलं, ‘एकही दाता नाही.’ पुन्हा टाकला. तेच.

तिचे सासरे माझ्या मागे येऊन उभे राहिले. “भाऊ, तुमनं मशीन काय सांगस? रगत भेटी का?”

“बघतोय, आबा.”

काय बघत होतो, मलाच कळत नव्हतं. तेवढ्यात सिस्टरांनी कपाटातून जुनं रजिस्टर काढलं, पानांवरून बोट फिरवलं आणि दोंडाईच्याच्या एका शिक्षकांना फोन लावला. ते लगेच जीपने निघाले.

ते येईपर्यंत मला चूक सापडली. कारकुनाने यादीत गटाच्या आधी वजनाचा नवा रकाना घातला होता. गट आठव्यात सरकला होता आणि माझा प्रोग्राम इमानाने सातव्यात, लोकांच्या वजनांत, ओ निगेटिव्ह शोधत होता. दुरुस्त करायला मूळ प्रोग्रामची फ्लॉपी जळगावात. आणि दुरुस्त करूनही जीप लवकर येणार नव्हती. मी आबांशेजारी बाकावर जाऊन बसलो.

शिक्षक आले, रक्त दिलं. बाई वाचली, पण गर्भाशय काढावं लागलं. मी डॉक्टरबाईंना गाठून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “आधी मिळालं असतं तरी कदाचित हेच करावं लागलं असतं.”

त्या ‘कदाचित’चं काय करायचं, मला आजही कळलेलं नाही.

निघताना, दिवसभर थांबलो म्हणून आबांनी हात जोडले. “बठ्ठा दिन थांबनात, भाऊ.” त्यांना खरं न सांगताच मी एसटी पकडली.

पुढच्या आठवड्यात मी शोधणारा भाग वेगळा काढला आणि दोन्ही याद्यांना आपापलं उत्तर द्यायला लावलं. दोन दिवसांचं काम होतं.