भाव न करणारी आत्या

माझ्या आत्याने आयुष्यात कधी भाव केला नाही. इतवारीच्या बाजारात भाजीवाली जो आकडा सांगेल तेवढे पैसे ती पदराची गाठ सोडून देऊन टाकी. सोबतच्या बायका चिडत. "तिनं मेहनतीचेच सांगितले असतीन, आपन काहून कमी करावे?" एवढंच तिचं म्हणणं.

उमरेडच्या विणकर घरातली ती. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. १९७०च्या सुमारास नवऱ्याचे जिवलग मित्र गुलाबराव यांनी आपला गोटी सोड्याचा छोटा कारखाना विकायला काढला. त्यांनी सांगितली ती किंमत आत्याने पाटल्या मोडून आणि उमरेडच्या घरातला वाटा विकून दिली. मी तेव्हा कॉलेजसाठी पाचपावलीत तिच्याकडे राहत होते. फुटणाऱ्या काचेपासून वाचायला हातांना गोणपाट गुंडाळून ती स्वतः बाटल्या भरायची. उन्हाळ्यात सोडा पुरत नसे. इतकी खूश मी तिला त्याआधी पाहिली नव्हती.

पुढच्याच वर्षी विक्रीकर खात्याची माणसं आली. गुलाबरावांनी कित्येक वर्षांचा कर भरलाच नव्हता, आणि कायद्याप्रमाणे ती थकबाकी धंदा विकत घेणाऱ्याच्याही माथी येत होती. विक्रीच्या कागदावर मात्र त्यांनी कसलंही देणं नाही असं लिहून दिलं होतं. आत्या त्यांच्या घरी गेली. म्हणाली, "भाऊजी, मले आधी सांगितलं असतं तर आपन मिळून फेडलं असतं." गुलाबरावांनी मान वर केली नाही. सोड्याचं यंत्र जप्त होऊन लिलावात गेलं. वकिलाने पुष्कळ समजावल्यावर तिने गुलाबरावांवर दावा लावला.

कोर्टात गुलाबराव शपथेवर म्हणाले, "बाईले समदं माहीत होतं. थकबाकीचं कारण सांगूनच तर तिनं घासाघीस केली अन् किंमत पाडली."

आत्या माझ्या शेजारी बाकावर बसली होती. तिने माझं मनगट घट्ट धरलं.  घरी आल्यावर चूल पेटवताना ती म्हणाली, "कारखाना गेला, जाऊ दे वं. पन मी घासाघीस केली म्हनाले ते. मले वळखत होते ना?"

निकाल तिच्या बाजूने लागला. पण तोवर गुलाबरावांनी घर धाकट्या भावाच्या नावावर करून टाकलं होतं, आणि वसूल करण्यासारखं त्यांच्याकडे काही राहिलं नव्हतं. आत्या दुसऱ्याच्या कारखान्यात बाटल्या धुवायला जाऊ लागली.

काही वर्षांनी, कॉलेज संपूनही मी आत्याकडेच राहत असताना, गुलाबरावांची बायको आमच्या दारात आली. "दवाखान्यात हायेत. तुमचंच नाव घेऊन राहिले," म्हणाली. आत्या हातातलं काम टाकून निघाली, मीही गेले. गुलाबराव ओळखू येत नव्हते. "बाई, चुकलो मी. माफ केलं म्हना," ते म्हणाले.

 आत्या म्हणाली, "म्हनता येत नाही, भाऊजी. तोंडातून निघूनच नाही राहिलं." तिने चमच्याने त्यांना पाणी पाजलं आणि संध्याकाळपर्यंत उशाशी बसून राहिली. पहाटे ते गेले.

तेरवी झाल्यावर धाकट्या भावाने वहिनीला घराबाहेर काढलं. आत्या तिला आपल्या खोलीत घेऊन आली. दोघी मिळून पापड लाटून विकू लागल्या. गुलाबरावांचं नाव कोणी काढत नसे.

माझं लग्न ठरल्यावर मी ते घर सोडून निघाले, त्याच्या आदल्या दुपारची गोष्ट. आत्या अंगणात माझ्याजवळ पापड वाळत घालत होती. एकदम हळू आवाजात म्हणाली, "खोटं खोटं तरी माफ केलं म्हटलं असतं, तर काय बिघडलं असतं वं?"

 गुलाबरावांची बायको दारातच उभी होती. तिने ऐकलं होतं.

"त्याईले लगेच समजलं असतं, बाई," ती म्हणाली. "तुमाले खोटं बोलता येत नाही, हे त्याईच्याइतकं कोनाले माहीत होतं?"

आत्याने हातातला पापड खाली ठेवला आणि पदर तोंडाला लावला. कारखाना गेला तेव्हाही मी तिला रडताना पाहिलं नव्हतं.