रॅकवरच्या चपला

त्या रविवारी आम्हा मैत्रिणींच्या दुपारच्या सिनेमासाठी एक जुना, रडका सिनेमा मीच निवडला होता. अमेरिकेतलं एक लहानसं गाव. बँक मॅनेजरची विधवा घरोघरी दूध टाकणाऱ्या माणसाच्या प्रेमात पडते. गाव कुजबुजतं, मुलं तोंडं फुगवतात आणि शेवटी बाई त्या भल्या माणसाला दारातूनच परत पाठवते.

इथल्या, अमेरिकेतल्याच डब्लिनमधल्या माझ्या घराच्या बेसमेंटमध्ये नुसते हुंदके चालले होते. माझ्या डोळ्यांत मात्र टिपूस नव्हतं, कारण मी सकाळपासून धुमसत होते.

वीकेंडला दुसऱ्या राज्यातल्या कॅरी गावाहून आलेल्या माझ्या मुलाने दाराजवळच्या रॅकवरून एक चपलांची जोडी उचलली होती आणि गॅरेजमध्ये, बर्फ उपसायच्या फावड्यामागे नेऊन टाकली होती.

"आई, सगळ्या काकू येणार. उगाच क्वेश्चन्स नकोत," तो म्हणाला. "आणि आज त्यांना बोलवू नकोस, प्लीज."

'त्यांना' म्हणजे मागच्या रस्त्यावर राहणारा, शाळेत गणित शिकवून रिटायर झालेला अमेरिकन विधुर. माझा नवरा जाऊन सहा वर्षं झाली. हा माणूस गेली दोन वर्षं रोज संध्याकाळी माझ्याकडे चहाला येतो. आमच्या घरात बूट चालत नाहीत हे त्याला एकदाच सांगावं लागलं. दुसऱ्या दिवशी तो घरात घालायच्या स्वतःच्या चपला घेऊनच आला आणि त्या इथेच राहिल्या. आम्हाला लग्न करायचं नाही. पण माझा त्याच्यावर जीव आहे, आणि या वयात मला तो कुणापासून लपवायचा नाही.

सिनेमा संपल्यावर सगळ्या वर आल्या. मी पोहे वाढत होते. सगळ्यांत जास्त रडलेली मैत्रीण नाक पुसत म्हणाली, "बिचारी गं! पण केलं ते बरंच केलं हं तिने. मुलांचं नको बघायला? लोक काय म्हणतील?"

बाकीच्यांनी माना डोलावल्या. मुलगा खुशीत कपांत चहा ओतत होता.

माझं डोकंच फिरलं. म्हणजे बाईने जन्मभर झुरावं आणि यांनी पॉपकॉर्न खात तिच्यासाठी रडावं! परदुःख शीतळ म्हणतात ते काही खोटं नाही. नवरा गेला तेव्हा याच लोकांनी आठवडाभर डबे दिले होते. त्यानंतरच्या संध्याकाळी मी एकटीने काढल्या.

मी सगळ्यांदेखत फोन लावला आणि चहा तयार आहे, ये, असं त्याला सांगितलं. मग गॅरेजमध्ये जाऊन चपला काढल्या आणि ओढणीने झटकत घरात आणल्या.

"आई, प्लीज! सगळ्या बघतायत," मुलगा दबक्या आवाजात म्हणाला.

"बघू देत की. दोन तास त्या बाईला बघितलं, आता मला बघा."

तेवढ्यात बेल वाजली.

रॅकवर चपलांच्या जागी मुलाने स्वतःचे बूट ठेवले होते. मी ते बाहेर नाही टाकले. नुसते बाजूला सरकवले, चपला त्यांच्या जागेवर ठेवल्या आणि दार उघडलं. रॅकवर जागा भरपूर होती.