स्वच्छ शेगडीवरचा डाग

काचेच्या शेगडीपुढे घारकाकू उभ्या राहिल्या की बाकीच्या बायकांनी आपापले बोळे खाली ठेवून नुसतं बघायचं, असा अलिखित नियम होता. आधी त्या काचेवर तळहात टेकवायच्या. शेगडी गार आहे ना, याची खात्री. मग खाण्याच्या सोड्यात पाणी कालवून त्याचा लगदा डागावर थापायच्या, गरम पाण्यात पिळलेलं फडकं त्यावर पांघरायच्या आणि पोराला निजवल्यासारखा हात फिरवून म्हणायच्या, "झोपू दे पंधरा मिनिटं. डाग झोपेत उचलायचा, काय? जागा असला की भांडतो."

पंधरा मिनिटांनी अ‍ॅप्रनच्या खिशातून पातं निघायचं. दोन इंच रुंद, पिवळ्या मुठीचं. ते काचेला जवळजवळ आडवं टेकवायचं आणि पुढे लोटायचं. "उभं धरलंस तर ओरखडा पडेल. डाग जातो, ओरखडा जात नाही, काय?" प्रत्येक वाक्याच्या शेपटीला त्या असा एक 'काय' बांधायच्या. समोरच्याने त्याचं उत्तर द्यायचं नसतं. नवीन बायका देऊन बसायच्या आणि मग जन्मभर पस्तावायच्या.

काम असं, की एक भाडेकरू गेला आणि दुसरा यायचा आहे, त्या मधल्या दिवसात रिकामं घर घासूनपुसून द्यायचं. सहा बायका, एक गाडी, दिवसाला दोन घरं. कुणाकडे मोरी, कुणाकडे खिडक्या, कुणाकडे फरशी. जिना पुसणारी सगळ्यांत खालची. आणि काचेची शेगडी फक्त घारकाकूंची, कारण पातं एकच होतं आणि ते त्यांच्या खिशात होतं. नजर घारीसारखी म्हणून नाव घारकाकू. दारातूनच ओरडायच्या, "मागच्या डाव्या गोलाजवळ साखर जळलीय बघ, मोहरीएवढी!" आणि ती असायचीच.

डागांच्या दोन जाती त्यांनी ठरवल्या होत्या. एक नखाचे डाग: उतू गेलेलं दूध, जळलेली साखर, तेलाचे थर. बोट फिरवलं की नख अडतं. दुसरे नजरेचे डाग: पाण्याच्या क्षाराची इंद्रधनुष्यी झाक, अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं सरकवल्याच्या चंदेरी रेघोट्या. यांच्यावर नख खुशाल घसरतं, जणू काही नाहीच. "नखाचे डाग कुणीही काढेल," काकू म्हणायच्या. "नजरेचा डाग काढायला आईने डोळे द्यावे लागतात, काय?"

आता त्यांची परीक्षा ऐका. नवी बाई आली की पहिल्याच दिवशी काकू तिला लख्ख घासलेल्या शेगडीपुढे उभी करायच्या. "हा डाग काढ. कुठे ते विचारायचं नाही. ज्याला दिसतो त्यानेच पुसायचा." डाग नसायचाच. "काकू, इथे तर काही नाही," असं जी म्हणेल ती पास. जी घाबरून घासायला लागेल तिच्याभोवती बाकीच्या जेवणाचे डबे उघडून बसायच्या. फुकटचा खेळ.

अकरा वर्षांपूर्वी आलेली एक किडकिडीत बाई पाऊण तास घासत होती. नवरा नुकताच टाकून गेलेला, घरात दोन पोरी, त्यामुळे हे काम जाता कामा नये एवढंच तिला दिसत होतं. दर पाच मिनिटांनी ती मान वर करून विचारायची, "गेला का हो, काकू?"

काकू घास चावत सांगायच्या, "अजून आहे."

बोटांची सालं निघाली. सोड्याने ती चुरचुरायला लागली. शेवटी हसू आवरेना तेव्हा भिंगरी (खिडक्या पुसणारी, स्वभावानेही तशीच) किंचाळली, "अगं बये, काचेत भोक पाडतेस का!" आणि सगळ्या लोळल्या. ती बाई काही बोलली नाही. बोळा पिळला, वाळत घातला आणि कोपऱ्यात बसून कोरडी पोळी खाल्ली. काकूंनी तिचं नाव मुकी ठेवलं. पुढे कितीतरी वर्षं दुपारच्या जेवणाला तोंडी लावणं म्हणून काकू तिची नक्कल करायच्या, मान तिरपी करून, नाकात, रडक्या सुरात, "गेऽला का होऽ, काकूऽ?" मुकीसुद्धा हसायची. न हसून सांगते कुणाला?

मुकी मात्र लिहिणं-वाचणं बऱ्यापैकी जाणत होती. कोणत्या घराची किल्ली कुठे, कोणत्या मालकाला काय खटकतं, सगळं वहीत टिपायची. दोन वर्षांपूर्वी जुने सुपरवायझर सोडून गेले आणि एका सोमवारी मुकी गाडीत पुढच्या सीटवर बसली. तेव्हापासून मॅडम. काकूंच्या तोंडून मॅडम हा शब्द यायचा, पण दाताखालून खडा काढावा तसा. मॅडमची बोलण्याची एक लकब होती. कुणी काही सांगितलं की आधी लांबलचक "बरंऽ" म्हणायचं आणि मग गप्प बसायचं. त्या गप्प बसण्यात माणसं आपणहून सगळं ओकायची.

याच दोन वर्षांत घारीच्या डोळ्यांवर धुकं उतरलं.

आधी घरी कळलं. घर म्हणजे दोन खोल्या, मुलगा, सून आणि काकू. सुनेने घासलेल्या प्रत्येक भांड्यावरून काकूंचं नख फिरायचं. "हे काय? हात लाव. हे काय आहे सांग." सून बोलायला गोड. "चुकलं हो आई," म्हणून पुन्हा घासायला घ्यायची. एका सकाळी काकूंच्या पांढऱ्या कपात, चहावर, काळी मुंगी पोहत होती. काकूंनी कप उचलला, फुंकर मारली आणि चहा मुंगीसकट प्यायला. सुनेने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने मोबाईलमध्ये डोकं घातलं. पहिली मुंगी आपली आपण पडली होती. पुढच्यांबद्दल तसं खात्रीने सांगता येणार नाही.

"आई, चहा कसा झालाय?"

"गोड."

"होणारच," सून म्हणायची.

डॉक्टर म्हणाले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगले पिकलेत, एकेक करून काढू. दोन-अडीच महिने साबण-पाण्यापासून लांब राहा. काकू तिथून उठल्या त्या थेट कामावर. अडीच महिने! अडीच महिने पातं कुणाच्या खिशात राहणार? भिंगरीच्या? पातं एकदा हातातून गेलं की परत येत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, कारण त्यांच्याकडे ते असंच आलं होतं. आधीची पातेवाली बाळंतपणाला गेली आणि परतली ती थेट जिन्यावर. तिला पातं परत न देणाऱ्या काकूच होत्या.

मग त्यांनी युक्ती काढली. नखाचे डाग नखानेच शोधायचे. त्याला डोळे कशाला हवेत? आणि नजरेच्या डागांसाठी दिसो न दिसो, सगळ्या काचेवर दोनदा व्हिनेगर फिरवायचं. क्षाराची झाक त्याने जातेच. दारातून ओरडणंही चालू ठेवलं, "मागच्या डाव्या गोलाजवळ बघ, काय?" काचेच्या शेगडीवर मागच्या डाव्या गोलाजवळ काही ना काही असतंच. दीड वर्ष हे निभावलं.

पण व्हिनेगर पातेल्याच्या रेघोट्या काढत नाही. त्याला लगदाच घासावा लागतो. एका घरमालकाने फोटो पाठवला: काचेच्या मधोमध चंदेरी चक्र, जणू गोगलगाय रात्रभर प्रदक्षिणा घालत होती. मॅडमने फोटो पाहिला, "बरंऽ" म्हटलं आणि काकूंना काहीही विचारलं नाही. मात्र पुढचे आठ दिवस काकू जिथे असतील त्या स्वयंपाकघराच्या दारात मॅडम वही घेऊन उभ्या राहिल्या. लखलखीत शेगडीवर काकूंना दोन-दोनदा व्हिनेगर ओतताना पाहिलं. काकूंनी एकदा त्यांच्याकडेच बघून "भिंगरे, ती बादली सरकव गं," म्हटलेलं ऐकलं. आणि मॅडमनीच मुकाट्याने बादली सरकवली.

नवव्या दिवशी चौथ्या मजल्यावरच्या घरात दुपारी डबे उघडायच्या वेळेला मॅडमने हाक मारली. "काकू, जरा इकडे या. शेगडीवर एक डाग राहिलाय. काढा."

काकू पुढे झाल्या. सवयीने बोट फिरवलं. नख कुठेच अडेना. काच गार आणि गुळगुळीत.

"कुठे..." असं त्यांच्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात मॅडम शांतपणे म्हणाल्या, "कुठे ते विचारायचं नाही. ज्याला दिसतो त्यानेच पुसायचा. काय?"

मागे झाकणं उघडल्याचे आवाज बंद झाले. समोर काचेचा काळा चौकोन, त्यावर खिडकीचा पांढुरका उजेड, बाकी सगळं ताक. डाग असेल तर नजरेचा. आणि तो नसेल तर ही आपलीच परीक्षा. घासायला घेतलं आणि तिथे काही नसलं, तर आंधळी ठरले. नाही म्हटलं आणि असला, तरी आंधळीच. पातं खिशात मांडीला टोचत होतं.

मग त्यांनी विचार केला तो स्वतःच्या मापाने. अकरा वर्षं ही बाई हसत होती. अकरा वर्षं मनात धरून ठेवलं असणार. आज हातात आलंय, तर ती काय करेल? मी असते तर काय केलं असतं? अगदी हेच! नसलेला डाग पुसायला लावला असता आणि घास चावत बसले असते. छाती पुढे आली.

"मलाच शिकवतेस होय गं, मुके?" काकू कडाडल्या. "माझीच विद्या मला? डाग नाही तिथे! लख्ख आहे शेगडी, काय?" आणि बाकीच्यांकडे, म्हणजे जिकडे त्या असाव्यात तिकडे वळून त्यांनी मान तिरपी केली आणि नाकातून सूर काढला, "गेऽला का होऽ, काकूऽ?"

कुणी हसलं नाही.

"काकू," मॅडम म्हणाल्या, "जेवणाच्या थाळीएवढा डाग आहे. तुमचा हात त्याच्यावरच आहे."

भिंगरीला फुटलेलं हसू तिने घासासारखं गिळलं, पण ठसका लागलाच. सकाळी मॅडमनी स्वतः अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं बुडाने दाबून त्या काचेवर गोल गोल फिरवलं होतं. सगळ्या जणी बघत होत्या. सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त एकीला सोडून.

"तुम्ही नाही म्हणणार हे मला माहीत होतं," मॅडम म्हणाल्या. "म्हणून खराच ठेवला. मी नसलेला पुसला होता, तुम्ही असलेला पुसला नाहीत. बरंऽ. आणा ते पातं."

काकूंनी ते काढून पुढे धरलं; मॅडम जिथे होत्या त्याच्या हातभर डावीकडे. मॅडमनी घाई केली नाही. हात हवेत पुरेसा वेळ राहू दिला, सगळ्यांनी नीट पाहीपर्यंत. मग पातं घेऊन भिंगरीला दिलं.

दुसऱ्या दिवसापासून काकूंकडे जिना. जिन्याला नजर लागत नाही; पायरी संपली की पाय सांगतो. भिंगरी वरून उतरताना मुद्दाम विचारायची, "काकू, चौथ्या पायरीवर काय सांडलंय हो? दिसतंय ना?" राखायला आता खिशात काही उरलं नव्हतं, म्हणून काकूंनी ऑपरेशन करून घेतलं. आधी डावा, मग उजवा. घरी हिरव्या पट्टीखालून पहिल्यांदा स्वच्छ दिसलं ते चहातली मुंगी आणि तिच्या पलीकडे सुनेचं तोंड. काकूंनी मुंगी बोटाने काढून बशीच्या काठावर ठेवली. त्या दिवसापासून चहा आपला आपण करून घ्यावा लागला.

अडीच महिन्यांनी काकू कामावर आल्या, ताठ मानेने. दारातूनच भिंगरीचं काम पाहिलं आणि त्या चुकचुकल्या. पातं उभं धरून तिने काचेवर तीन ओरखडे पाडले होते. "मॅडम, डोळे झाले. आता घारीसारखे. माझं पातं..."

"बरंऽ," मॅडम म्हणाल्या. "हवंय ना परत? मग ही दुसरी शेगडी बघा. हिच्यावरचा डाग काढा."

काकूंनी पाहिलं. अशी नितळ काच त्यांनी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. वाकून पाहिलं, तिरपं होऊन पाहिलं, खिडकीच्या उजेडात पाहिलं. कणभर काही नव्हतं. वळून बघितलं तर मॅडमच्या तोंडावरचा प्रत्येक स्नायू दिसत होता.

"दिसत नाही म्हणालात, तर ऑपरेशन वाया गेलं असं मी धरीन," मॅडम म्हणाल्या. "जिना आहेच."

डबे उघडले. बायका भिंतीला टेकून बसल्या. काकूंनी सोडा कालवला, लगदा थापला आणि घासायला सुरुवात केली. काचेत त्यांना मागे चावणारी सहा तोंडं अगदी स्पष्ट दिसत होती, भिंगरीच्या हनुवटीवरचं तूपसुद्धा. पाच मिनिटं झाली, दहा झाली. इतके दिवस कोरडे राहिलेले हात, कातडी लगेच सोलवटली. पंधराव्या मिनिटाला त्यांनी मान वर केली.

"गेला का हो, मॅडम?"

मॅडमनी घास सावकाश चावला, गिळला, वर घोटभर पाणी प्यायलं.

"अजून आहे."