मागचे खिसे

आमच्या ह्यांच्या अंगावरचे कपडे कधी ढगळ दिसले नाहीत. जन्म गेला लोकांच्या पँटी शिवण्यात, स्वतःची कमरेवरून घसरू देतील होय? पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत संसार, मधे एक पडदा. काजं-बटणं माझ्याकडे, मशीन ह्यांच्याकडे. गिऱ्हाइकाने कितीही तोंड वाजवलं तरी हे ब्र काढायचे नाहीत. बोलायचं काम देवाने माझ्यावर सोपवलंय आणि मी ते चोख करते.

म्हणून ह्यांचं जेवण कमी झालं ते मला चांगलंच झोंबलं. दोन घास खायचे आणि पोट भरलं म्हणायचं. माझ्या हाताची चव गेली का, असं मी फणकाऱ्याने विचारलं. हे घाईघाईने छान झालंय म्हणाले आणि आणखी एक घास कसाबसा गिळला. मग पोट फुगलं म्हणून ॲसिडिटीची गोळी. डॉक्टरला न विचारता ती रोजचीच झाली होती. सकाळी संडासात गेले की बसूनच राहायचे. पाणी प्या म्हटलं तर तहान नाही म्हणे. वय झालं की माणूस कमी खातोच, चालायचंच, असं मीही धरून चालले.

मग एकदा ह्यांची पँट इस्त्रीला घेतली, उपडी पसरली आणि बघतच राहिले. मागचे दोन्ही खिसे एकमेकांना भिडायला आले होते. दुसऱ्या कुणाच्या लक्षातही आलं नसतं, पण मी शिंप्याची बायको. कंबर सैल झाली की मागची शिवण आत घेतात, आणि फार घेतली की खिसे जवळ सरकतात. ही एकदा नाही, पुन्हा पुन्हा घेतली होती. जुन्या टाक्यांची भोकं ओळीने दिसत होती. कपाटातल्या सगळ्या पँटींची तीच गत. माणूस माझ्या डोळ्यांदेखत झिजत होता आणि मला पत्ता लागू नये म्हणून गुपचूप पँटी आवळत होता.

तशीच पँट घेऊन पडदा सारला. हे सुई शोधत होते. ती त्यांच्याच बोटांत होती. बोटांना मुंग्या येतात, सुई जाणवत नाही, हेही तेव्हा कळलं. मग मी जी सुरू झाले ती थांबलेच नाही. मला वाऱ्यावर सोडून जायचा बेत आहे का, इथपर्यंत बोलले.

"जिभेला काही कळतच नाही गं," शेवटी म्हणाले. "तू एवढी राबतेस. बेचव लागतं, हे कुठल्या तोंडाने सांगू?"

दुसऱ्याच दिवशी दवाखाना गाठला. डॉक्टरबाईंनी रक्त तपासलं, दुसरा काही वाईट आजार नाही ना तेही पाहून घेतलं. मग समजावलं. म्हातारपणी पोटातलं आम्ल कमी होऊ शकतं, मग अन्नातलं बी-बारा जीवनसत्त्व नीट शोषलं जात नाही. त्यात ह्यांनी रोज गोळ्या घेऊन उरलंसुरलं आम्लही मारलं. थोडक्यात, खाल्लेलं अंगी लागत नव्हतं. मुंग्या आणि जीभ त्याचेच प्रताप असावेत. शिवाय पोट लवकर भरतं, आतडी संथ होतात, तहानही नीट कळत नाही. बरे होतील ना, मी विचारलं. वेळ लागेल, एवढंच त्या म्हणाल्या.

इंजेक्शनं सुरू झाली, गोळ्या बंद. एका मोठ्या ताटाऐवजी मी दिवसभर थोडं थोडं देऊ लागले. कधी अंडं, कधी दूध, कधी मऊ शिजवलेली भाजी, मधे मधे पाणी. मापं घेताना, गिऱ्हाइकासमोरसुद्धा, मी वाटी घेऊन हजर. हे लाजायचे, पण मुकाट खायचे. वजनाचा काटा मात्र बरेच दिवस ढिम्म. मी वरून दटावायची आणि आत जाऊन देवाला हात जोडायची.

एका दुपारी सूप पुढ्यात ठेवलं. ह्यांनी चमचा तोंडात घातला, थांबले, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच माझ्या स्वयंपाकाला नाव ठेवलं.

"मीठ जास्त झालंय."

एरवी मी घर डोक्यावर घेतलं असतं. मी चाखून पाहिलं. खरंच खारट होतं. तिथेच बसले आणि ढसाढसा रडले. हे घाबरले, चालेल गं, खातो मी, म्हणायला लागले. मी म्हटलं, खबरदार खाल्लंत तर, आणि डोळे पुसत दुसरं करायला उठले.