आबांची कवळी

मराठीत च दोन आहेत. चहातला वेगळा आणि चवीतला वेगळा. अक्षर एकच, पण जीभ दोन ठिकाणी लागते. आमच्या कोल्हापूरच्या बोलीत ती नेमकी कुठे लागते हे कुणी तपासलेलं नव्हतं. ते मी तपासणार, पीएच.डी. करणार, या कल्पनेनंच तेव्हा माझे पाय जमिनीवर ठरत नसत. रस्त्यात कुणी भांडत असलं की मी भांडण सोडून त्यांची तोंडं बघत उभी राहायची.

पुण्याच्या माझ्या मार्गदर्शकांना मात्र पुरावा हवा होता. टाळूला बसेल अशी पातळ पट्टी करून घ्यायची, तिच्यावर पावडर भुरभुरायची, ती तोंडात बसवून एकच शब्द बोलायचा आणि लगेच काढून बघायचं. जीभ जिथे टेकली तिथली पावडर पुसलेली दिसते. "दिवाळीपर्यंत हे दाखवा, नाहीतर बोलीचा नाद सोडून एखादी जुनी पोथी घ्या," असं त्यांनी बजावलं. माझं स्वतःचं तोंड चालणार नव्हतं, कारण पुण्यात राहून ते बिघडलं होतं. शेजारच्या काकू हौसेनं तयार झाल्या, पण माप घ्यायला दाताच्या डॉक्टरनं तोंडात ओलं प्लास्टर भरताच त्या खुर्चीतून उठल्या आणि तडक घरी आल्या. मला डोळ्यांसमोर पोथी दिसायला लागली.

एका सकाळी आबा, म्हणजे माझे वडील, भाकरी चावत बसले होते. त्यांच्याकडे बघता बघता मी ताडकन उठले. आबांना वरची कवळी होती! सगळी टाळू झाकणारी, रोजच्या बोलण्याला सरावलेली, आणि बोलणं अस्सल कोल्हापुरी, आमच्या उचगाव खेड्यातलं. मला नाचावंसं वाटलं.

पण कवळीचं नाव घरात काढायचं नाही, असा दंडक होता. पिळदार मिशांचा माणूस, कचेरीत रुबाब मोठा. कवळी ते दार लावून धूत. आईनंसुद्धा त्यांचं बिनदाताचं तोंड कधी पाहिलं नव्हतं. मी विषय काढताच ते ताटावरून उठले.

"दात काय खेळणं हाय व्हय? ह्यासाठी शिकिवलं तुला?"

मला रागही आला आणि रडूही आलं.

दुसऱ्या दिवशी काय मनात आलं कुणास ठाऊक, कचेरीतून आल्या आल्या त्यांनी मला आतल्या खोलीत बोलावलं. कडी लावली, तोंडावर टॉवेल धरला आणि कवळी माझ्या हातावर ठेवली.

"लवकर आटप. आन् कुणाला सांगायचं न्हाय."

मी ती पुसून कोरडी केली, पावडर मारली, परत दिली. आबा म्हणाले, "चहा." कवळी काढली. मधोमध रुंद पट्टा पुसलेला! पुन्हा पावडर. "चव." आता दातांच्या मुळाशी फक्त एक बारीक कड! मी किंचाळलेच. भराभरा दोन्ही चित्रं काढून घेतली. त्या चित्रांनीच पुढे मला पोथीतून वाचवलं.

आबा वाकून बघत होते. टॉवेल कधीच खाली पडला होता.

"आयला! हे माझ्या जिभंनं केलं?"

"आता ळ बघू, आबा. ळ सोडून जीभ कुठं लागणार नाही, असा शब्द बोला."

पुन्हा पावडर मारलेली कवळी त्यांनी बसवली, थोडा विचार केला, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "बाळ."

मी साडी नेसायला लागल्यापासून ही हाक ऐकली नव्हती. त्यांनी कवळी काढून माझ्या हातावर ठेवली. पार मागे, टाळूच्या घुमटात, एक छोटी खूण उमटली होती. मी तिचं चित्र धड काढतेय तोवर आबांनी कवळी उचलली, कडी काढली आणि ते बाहेर सोप्यात धावले. तिथे आई आणि काकू तांदूळ निवडत होत्या.

"अगं, बघ की! माझं बाळ काय करतंय बघ!"

तोंडातून नुसता वारा जात होता. हातातली कवळी त्यांनी आईच्या नाकासमोर धरली होती, पण आई बघत होती त्यांच्या तोंडाकडे. आबा हसत होते. टॉवेल आत खोलीतच राहिला होता.