हवालदारांचा कृष्णाकाठचा तळ

हवालदार लालासाहेब थोरात चार वर्षं लढाईवर होते आणि त्या चार वर्षांत त्यांनी अकरा हजार तंबू वाटले. स्वतः ते एकाही तंबूत झोपले नाहीत. इजिप्तमधल्या त्यांच्या भांडाराला पक्क्या विटांची बराक होती आणि बराकीत पंखा होता. हे त्यांनीच मला सांगितलं, तेही छाती काढून. तंबूत झोपणं हे शिपायाचं काम. तो कुठं ठोकायचा हे ठरवणं हे डोक्याचं काम, असं त्यांचं मत होतं.

सन शेहेचाळीसच्या फेब्रुवारीत ते सुटून गावी आले. बरोबर एक तंबू आणला. लष्करानं तो निकालात काढला होता, म्हणजे लष्कराला जे कळलं ते लालासाहेबांना कळायचं बाकी होतं. त्यांच्या पत्नी लीलाबाईंनी कापड चाचपून पाहिलं आणि भुईमुगाच्या ढिगावर टाकायला बरं आहे म्हणाल्या.

"हात लावायचा न्हाई," लालासाहेब म्हणाले. "ह्याचा कॅम्प हुनार हाय."

"म्हंजी काय करत्यात?"

"नदीकाठी रानात जाऊन ऱ्हायचं. पाच दिस."

"आवं, मी सगळा उन्हाळा नदीकाठीच असते की, वांगी राखत. ह्याला कॅम्प म्हंत्यात हे मला कुनी सांगितलंच न्हाई."

लालासाहेबांनी हा शेरा नोंदवून घेतला नाही. बाकी सगळं नोंदवलं. त्यासाठी त्यांनी मला धरलं, कारण मी शाळामास्तर, माझं अक्षर चांगलं आणि मे महिन्यात मला सुट्टी. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्या सोप्यात बसून मी 'कॅम्प हुकूम नंबर एक' लिहिला. त्यात एवढंच होतं की यापुढे हुकूम निघतील.

जागा ठरली होती दरबारचं राखीव कुरण. आमच्या गावापासून दोन मैलांवर कृष्णेच्या वळणात बाभळी, करंज आणि गवताचा तो पट्टा होता. शेजारच्या छोट्या संस्थानाच्या आधीच्या राजेसाहेबांनी तिथं शिकारीला बंदी घातली होती. म्हणजे इतरांच्या शिकारीला. पुढं त्यांना संधिवात झाला, बंदूक उचलेना, आणि बंदी मात्र राहिली. अशा रीतीनं तिथल्या मुक्या प्राण्यांचं रक्षण झालं. दरबारच्या अहवालात याला महाराजांची भूतदया म्हटलेलं आहे.

परवानगीसाठी आम्ही अर्ज केला. दरबारानं विचारलं, माणसं किती? आम्ही कळवलं, चार. विचारलं, हेतू काय? लालासाहेबांनी कळवलं, 'मुक्काम.' यावर मुक्कामाचा हेतू काय, असं आलं. शेवटी महिन्याभरानं परवानगी मिळाली आणि सोबत कुरणातल्या प्राण्यांची छापील यादी, त्यांना त्रास न देण्याची अट घालून. यादी दरबारच्या कचेरीत बसून केलेली होती. ससा, कोल्हा, मोर, ऊद असे एकवीस प्राणी तीत होते. बाविसावा म्हणून सिंह होता, तो कुणीतरी नंतर खोडला होता.

मग जागेची पाहणी. कुरणाची राखण सुगराबी करायची. खरा राखणदार तिचा नवरा. तो वारून सहा वर्षं झाली होती. त्याच्यामागं तिनं त्याची काठी उचलली आणि फेरी चालू ठेवली. दरबारला हे माहीत नव्हतं, आणि गावानं कळवलं नव्हतं. चोरून लाकूड तोडणाऱ्या दोघांना तिनं नदीत ढकलून दिल्यापासून राखण कोण करतं हा प्रश्न कुणी विचारतही नसे.

तिनं आम्हाला करंजाखालची उंचवट्यावरची जागा दाखवली. सावली, वारा, खाली पाणी. लालासाहेबांनी वहीत पाहिलं. त्यांच्या कोष्टकात तंबूसाठी 'सपाट, मोकळी, वाळूची जमीन' होती. ते सरळ खाली पात्रालगतच्या वाळूकडं गेले आणि टाच आपटून म्हणाले, "इथं."

"हितं नगा, हवालदार," सुगराबी म्हणाली. "हितं मगरीनं अंडी घातल्यात. म्या सोता बघितलंय तिला उकरताना. आता निघायचं दिस आल्यात."

लालासाहेबांनी यादी उघडली. वरून खाली बोट फिरवलं. "ह्यात मगर न्हाई."

"डोहात हाय की."

"दरबारी कागद हाय ह्यो, बाई."

सुगराबीनं कागदाकडं पाहिलं, मग डोहाकडं, मग माझ्याकडं. मी शिकलेला माणूस. मी खाली मान घातली. "मग कागदावर निजा," ती म्हणाली आणि फेरीला निघून गेली.

मेच्या मध्यावर आम्ही निघालो. उरलेले दोघे दादासो आणि कृष्णात. दोघेही पलटणीतून सुटलेले, आणि हे मात्र खरोखर लढून आलेले. कृष्णात इटलीच्या डोंगरात दोन हिवाळे चिखलात झोपला होता. डाव्या कानानं त्याला ऐकू येत नसे आणि लढाईबद्दल तो कधी बोलत नसे, त्यामुळं गावात त्याच्यापेक्षा लालासाहेबांच्या पराक्रमाची माहिती जास्त होती. दोन मैलांच्या वाटेत हुकमाप्रमाणे दोन विश्रांत्या झाल्या. दुसरी विश्रांती कुरणाच्या फाटकातच आली, तरी घेतली.

तंबू उभा राहिला तो पाचव्या खेपेला. हुकुमात मेखा चोवीस होत्या, पोत्यात सतरा निघाल्या. लालासाहेबांनी मधोमध घडीची खाट टाकली. कृष्णातानं घोंगडं उचललं आणि तो वर करंजाखाली जाऊन आडवा झाला. "शिस्त न्हाई," लालासाहेब मला म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे फटफटताना दादासो आत चहा गाळत होता आणि मी हुकूम नंबर चौतीस वाचून दाखवत होतो, तेव्हा जमिनीतून आवाज आला. बेडकाच्या पिलाला उचकी लागावी तसा. मग दुसरा. मग खाटेखालून दहावीस एकदम.

"उंदरं," लालासाहेब म्हणाले. "मास्तर, लिवा. उंदरांचा बंदोबस्त—"

तेवढ्यात तंबूच्या दारातला उजेड कमी झाला. मी वळून पाहिलं. दारात मगर होती. नऊ फूट तरी असेल. अंगावरून पाणी निथळत होतं. ती आमच्याकडं बघत नव्हती. मान तिरकी करून ती वाळूतला आवाज ऐकत होती, जशी बाई घरात पाऊल टाकण्याआधी पाळण्याचा कानोसा घेते.

दादासोच्या हातातला चहा मांडीवर सांडला तरी तो ओरडला नाही. लालासाहेब खाटेवर उभे राहिले. त्यांना या तंबूचा नमुना, वजन, शिवणीची लांबी सगळं पाठ होतं. त्यामुळं याला मागचं दार नसतं हेही आमच्याआधी त्यांनाच कळलं.

"कृष्णात!" मी ओरडलो.

तो कसा आला ते कळलं नाही. मागच्या बाजूनं कापडात विळ्याचं टोक घुसलं आणि सर्रकन खाली आलं.

"आरं, फाडू नगंस!" लालासाहेब किंचाळले. "सरकारी माल हाय!"

"भाईर या," कृष्णात शांतपणे म्हणाला. "न्हाईतर मालाबरुबर ऱ्हावा."

आम्ही त्या फटीतून बाहेर पडलो. लालासाहेब शेवटी आले; त्याचं कारण, ते वही शोधत होते. तोवर सुगराबी धावत आली होती. पळा म्हणेल असं वाटलं, पण ती म्हणाली, "आता पळताय कुटं? तिच्या पोरांवरनं तंबू काढा आधी. पिल्लं गुदमरतील. तणावे सोडा, लांबनंच वडा."

दादासोनं एक दोर सोडला, कृष्णातानं दुसरा. सुगराबी आणि मी तिसऱ्याला लागलो. चौथा लालासाहेबांनी धरला, हुकुमाशिवाय. मगर चार पावलं मागं सरली आणि जबडा उघडून फुत्कारली, पण पाण्यात गेली नाही. तंबू खाटेसकट घसरत बाजूला आला. आम्ही उंचवट्यावर जाऊन बसलो.

तिनं पुढच्या पायांनी वाळू उकरली. ज्या जागी हवालदारांचं उसं होतं तिथून पिल्लं निघाली, वीतभर, वळवळणारी. तिनं एकेक जबड्यात घेतलं.

"खाल्लं की गं तिनं!" लालासाहेबांचा आवाज चिरकला.

"गप बसा आन् बघा," सुगराबी म्हणाली.

मगर पाण्यात उतरली, जबडा उघडून हलकेच हलवला आणि पिल्लं पोहत बाहेर आली. ती परत आली. पुन्हा गेली. ऊन वर येईपर्यंत हे चाललं होतं. लालासाहेबांनी वही उघडली नाही. एकदा त्यांनी डोळे पुसले आणि वाळू गेली म्हणाले, वारा नसताना. कृष्णात त्यांच्या शेजारी बसून होता. "इटलीत असं काय बघाय मिळालं न्हाई," तो म्हणाला. लढाईबद्दल त्याच्या तोंडून मी ऐकलेलं एवढंच वाक्य.

तळ त्याच दिवशी उठला. पण लालासाहेब पुढच्या आठवड्यात पुन्हा कुरणात गेले, मग दर रविवारी जाऊ लागले. सुगराबीच्या मागून चालायचे, ती सांगेल ते ऐकायचे. आपल्या मालकाला कुणाचं ऐकता येतं हे लीलाबाईंना लग्नाला सतरा वर्षं झाल्यावर समजलं. त्यांनी त्याचं श्रेय मगरीला दिलं.

अठ्ठेचाळीस साली संस्थान विलीन झालं आणि नव्या सरकारनं विचारलं, या कुरणाला राखणदार कोण? कागदावर तर एक मेलेला माणूस होता. जागा लाकडाच्या ठेकेदाराला देऊन टाकावी, असा एका साहेबाचा विचार होता. लालासाहेबांनी सुगराबीसाठी अर्ज केला. उत्तर आलं नाही, म्हणून दुसरा केला. सगळे मीच लिहिले. माझ्या मोजणीनं एकतीस झाले. शेवटी साहेब कंटाळला आणि हुकूम निघाला, 'सुगराबी यांस राखणदार नेमले आहे.' बाई राखणदार असावी की नसावी यावर कचेरीत चर्चा व्हायला हवी होती, पण बत्तिसावा अर्ज येईल या धास्तीनं ती झाली नाही, असं तिथल्या शिपायानं मला सांगितलं.

आता आठवडी बाजारात लालासाहेब ती हकिगत सांगतात. तिच्यात मगर चौदा फुटांची आहे आणि तंबू फाडायची युक्ती त्यांची आहे. कृष्णात शेजारीच विड्या ओढत बसलेला असतो. लोक त्याच्याकडं बघतात. तो मान डोलावतो आणि म्हणतो, "व्हय, लय मोठी हुती."